आवाज टिपणारा शिक्षक : सर आयझॅक पिटमन



आपल्यापैकी जे आज पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यांना ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली स्टेशनजवळचा एखादा टायपिंग क्लास नक्कीच आठवत असेल. लाकडी जिना, वरच्या मजल्यावर टाइपरायटरांचा खडखडाट, आणि शेजारच्या खोलीत बाकांवर बसून पेन्सिलीने वहीत बारीक व जाड रेघा ओढणारी मुले-मुली. मॅट्रिक झाल्यावर टायपिंग-शॉर्टहँड शिकावे, स्पीडची परीक्षा द्यावी आणि सकाळच्या लोकलने मुंबईच्या एखाद्या कचेरीत स्टेनो म्हणून रुजू व्हावे, हा त्या काळी कितीतरी घरांचा ठरलेला मार्ग होता. शॉर्टहँडच्या पुस्तकावर पिटमन हे नाव असे. पण हा पिटमन कोण, हे विचारण्याची सवड फारच थोड्यांना होती.

आज त्या गृहस्थांचे चरित्र सांगतो आहे, ते शॉर्टहँड शिकवण्यासाठी नव्हे. आपल्या मुलांच्या मनात इंग्रजी बोलण्याची जी भीती बसली आहे, तिच्यावरचा इलाज मला त्यांच्या आयुष्यात सापडला, म्हणून सांगतो आहे. माझ्या वर्गातला नववीचा एक मुलगा इंग्रजीच्या पेपरात चांगले गुण मिळवतो, परंतु धडा वाचायला उभे केले की मान खाली घालतो. एकदा त्याने सुरीला असलेला इंग्रजी शब्द 'कनाइफ' असा वाचला आणि सारा वर्ग हसला, तेव्हापासून हे चालले आहे. मीही बी.ए. होईपर्यंत कर्ज या अर्थाचा इंग्रजी शब्द 'डेब्ट' असाच म्हणत होतो. त्यातला 'बी' उच्चारायचा नसतो, शब्द 'डेट' असा आहे, हे मला चारचौघांत फजिती झाल्यावर कळले. आमच्या घरात तो शब्द कधी कोणी उच्चारलाच नव्हता. मी तो फक्त छापलेला पाहिला होता.

वाचकहो, ज्या देशाची ती भाषा, त्याच देशातल्या एका मुलाची हीच अडचण होती, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल.

आयझॅक पिटमन यांचा जन्म 4 जानेवारी 1813 रोजी इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील ट्रोब्रिज या गावी झाला. गाव कापडगिरण्यांचे. वडील सॅम्युएल एका कापड कारखान्यात नोकरीला होते आणि घरात अकरा भावंडे. तेराव्या वर्षाच्या आतच आयझॅकची शाळा सुटली आणि तो कारखान्यात कारकुनी करू लागला. आपल्या भिवंडीच्या यंत्रमागांच्या आवाजात वाढलेल्या मुलांना हे चित्र परके वाटू नये.

शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही. पहाटे उठून कामाच्या वेळेपूर्वी तो पुस्तके वाचत असे. त्यामुळे शब्द पुष्कळ कळू लागले, पण ते डोळ्यांना कळले, कानांना नाही. मोठमोठे शब्द त्याला अर्थासह ठाऊक होते, परंतु ते कसे म्हणावेत हे सांगणारे आसपास कोणी नव्हते. इंग्रज असूनही चारचौघांत बोलताना चुकण्याची पाळी त्याच्यावर येई.

तेव्हा त्याने काय केले? तो गप्प बसला नाही आणि आपल्या गरिबीलाही त्याने बोल लावला नाही. जॉन वॉकर नावाच्या विद्वानाने 1791 मध्ये इंग्रजी उच्चारांचा एक कोश प्रसिद्ध केला होता. आयझॅकने तो अथपासून इतिपर्यंत वाचून काढला आणि ज्या शब्दांच्या उच्चाराची किंवा स्पेलिंगची खात्री नव्हती ते वेगळे उतरवून घेतले. कोश हे अडलेला शब्द पाहण्याचे पुस्तक, असे आपण समजतो. त्याने ते उस्तादासमोर बसून सबक घ्यावा तसे वाचले.

1831 मध्ये लंडनच्या बरो रोड येथील शिक्षक-प्रशिक्षण शाळेत त्याला प्रवेश मिळाला. काही महिन्यांचे शिक्षण घेऊन 1832 मध्ये तो बार्टन-अपॉन-हंबर या गावी शिक्षक झाला. पुढे 1836 मध्ये पिटमन वॉटन-अंडर-एज या गावच्या शाळेत आले. येथे त्यांनी आपला ख्रिस्ती पंथ बदलला. चालकांना ते रुचले नाही आणि नोकरी गेली. पदरी संसार असलेल्या या तरुण शिक्षकाने त्याच गावात स्वतःची शाळा उघडली.

याच दिवसांत त्यांच्या हातून ते काम झाले ज्यामुळे जग त्यांना ओळखते. सॅम्युएल टेलर यांची जुनी लघुलिपी त्यांना येत होती. ती मुलांना शिकवण्यासाठी एक स्वस्त पुस्तक काढावे असा त्यांचा विचार होता, परंतु प्रकाशक बॅगस्टर यांनी जुन्याची नक्कल न काढता काही नवे करण्याची सूचना केली. 15 नोव्हेंबर 1837 रोजी पिटमन यांचे छोटेसे पुस्तक निघाले, किंमत चार पेन्स. पद्धतीचा पाया एकच होता : शब्द जसा लिहिला जातो तसा नव्हे, तर जसा ऐकू येतो तसा टिपावा. 'नाइफ'मधला मुका 'के' आणि 'डेट'मधला मुका 'बी' या लिपीत मुळीच उमटत नाहीत.

आता या लिपीतली गंमत पाहा. 'प' साठी बारीक रेघ, तीच जाड केली की 'ब'. बारीक रेघ 'ट', जाड रेघ 'ड'. तसेच 'च' आणि 'ज', 'क' आणि 'ग'. दोन्ही ध्वनींना तोंडाची ठेवण एकच असते, फक्त दुसऱ्यात कंठातून नाद निघतो, म्हणून रेघ जाड. कंठावर बोट ठेवून 'स्‌स्‌' आणि 'ज़्‌ज़्‌' म्हणून पाहा, फरक बोटाला कळेल. पिटमन यांची वर्णमाला ओठांपासून निघून घशाकडे जाते : प, ब, ट, ड, च, ज, क, ग. आपली मराठी बाराखडी उलट घशाकडून ओठांकडे येते : क-वर्ग आधी, प-वर्ग शेवटी. आणि आठव्या शतकात बसरा शहरात अल्-खलील बिन अहमद यांनी अरबीचा जो पहिला मोठा कोश रचला, त्यातली अक्षरेही घशापासून ओठांपर्यंत लावलेली आहेत. म्हणूनच त्या कोशाचे नाव 'किताबुल ऐन'. तीन भाषा, तीन काळ, पण सर्वांचा शोध एकच : अक्षर हे कागदावरचे चिन्ह होण्याआधी तोंडातली एक जागा असते. त्या जागेला आपण तज्वीद शिकताना 'मखरज' म्हणतो.

1839 मध्ये पिटमन बाथ शहरात राहायला गेले. 1840 मध्ये इंग्लंडात एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय सुरू झाली, तेव्हा त्यांनी आपली सारी पद्धत एका कागदावर छापली आणि एका पेनीला विकली. दूरदूरचे विद्यार्थी टपालाने धडे पाठवत आणि जाणकार मंडळी ते तपासून परत करत. पुढे त्यासाठी स्थापन झालेल्या मंडळाचे सभासद हे काम विनामूल्य करीत. टपालाद्वारे शिक्षणाच्या इतिहासात हा प्रयोग फार आरंभीचा मानला जातो. पिटमन यांचे बंधू जेकब यांनी ही लिपी ऑस्ट्रेलियात आणि बंधू बेन यांनी अमेरिकेत नेली. आपल्याकडे 16 एप्रिल 1853 रोजी पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. त्या रेल्वेच्या आधाराने वाढलेल्या कचेऱ्यांत नंतरच्या पिढ्यांनी याच बारीक-जाड रेघांवर आपले संसार उभे केले.

परंतु पिटमन यांच्या मनातले मोठे काम वेगळेच होते. इंग्रजीचे स्पेलिंगच उच्चाराप्रमाणे व्हावे आणि गरिबाच्या मुलाचे कित्येक महिने घोकंपट्टीतून वाचावेत, अशी त्यांची इच्छा होती. अलेक्झांडर एलिस या विद्वानाच्या साहाय्याने त्यांनी 1847 पर्यंत छपाईसाठी नवी ध्वनिलिपी सिद्ध केली. आपले नावही ते उच्चाराप्रमाणे वेगळ्या स्पेलिंगने लिहीत. लोकांनी शॉर्टहँड घेतले, पण स्पेलिंग मात्र होते तसेच ठेवले. 1894 मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यांना 'सर' हा किताब दिला. जानेवारी 1897 मध्ये बाथ येथे त्यांचे निधन झाले, तोवर स्पेलिंग सुधारण्याचा ध्यास त्यांनी सोडला नव्हता.

मग ते सारे श्रम फुकट गेले काय? नाही. एलिस यांच्या कामावरून हेन्री स्वीट यांनी पुढची लिपी केली आणि त्यातून 1888 मध्ये आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी तयार झाली. डॅनियल जोन्स यांनी 1917 मध्ये इंग्रजी उच्चारकोश काढला, तो ध्वनिलिपीतच. आज आपल्या मुलाच्या दप्तरातील इंग्रजी कोश उघडा. शब्दापुढे दोन तिरप्या रेघांमध्ये जी चमत्कारिक अक्षरे असतात, त्यांच्या घडणीत ट्रोब्रिजच्या त्या कारकून मुलाचाही वाटा आहे. दुर्दैवाने आपण नेमका तेवढाच भाग सोडून अर्थाकडे जातो.

विद्यार्थी मित्रहो, तो भाग सोडू नका. त्या चिन्हांचा तक्ता बहुतेक कोशांच्या आरंभीच असतो, आणि रोज दोन-तीन चिन्हे घेतली तर महिन्याभरात तो हाती येईल. शब्दाच्या डोक्यावर जी लहान उभी रेघ असते ती जोर कोठे द्यायचा ते सांगते. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या भागावर आहे, तर 'फोटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर. मग एक वही घाला, अडलेला शब्द ध्वनिलिपीत उतरवा आणि मोठ्याने दहा वेळा म्हणा. 'इस्कूल', 'इस्टेशन' म्हणण्याची सवय असेल तर आधी नुसता 'स्‌' लांबवा आणि त्यालाच 'कूल' जोडा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. इंग्रजी 'थिंक' मधला पहिला ध्वनी आपल्या 'थ'सारखा नाही, जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला लावून तो काढावा लागतो. मोठमोठ्यांना तो साधत नाही. परंतु ज्याने मकतबमध्ये 'ता' नंतरचे 'सा' हे अक्षर उस्तादांकडून नीट घोटून घेतले आहे, त्याला तो येतोच. 'ज़ाल' ज्याला येते, त्याला 'दिस' आणि 'दॅट' यांचा पहिला ध्वनी येतो. तुमची जीभ तयार आहे, फक्त तिला कोणी तसे सांगितले नव्हते.

पालकांना एवढीच विनंती. कुरआन शरीफ वाचताना मखरज चुकला तर उस्ताद थांबवतात, पुन्हा म्हणवून घेतात आणि मूल पुन्हा म्हणते. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. इंग्रजीच्या बाबतीतही घराघरांत तोच रिवाज असू द्या. आपल्याला इंग्रजी येत नसले तरी संध्याकाळी पंधरा मिनिटे मुलाचे मोठ्याने वाचन ऐका, आणि तो चुकला म्हणून भावंडांना हसू देऊ नका. माझ्या वर्गातल्या त्या मुलाने परवा पहिल्यांदा अर्धे पान वाचून दाखवले. तीन ठिकाणी अडखळला, पण खाली बसला नाही.