जॉन ब्राउनिंग: पिस्तुलातला एक भाग कमी करणारा माणूस

सीझेड शॅडो २ हे आजचं स्पर्धेचं पिस्तूल. फ्रेम पोलादी, वजन रिकामं असतानाच साधारण १.३ किलो. दिसायला एकदम नवं, पण गोळी सुटल्यावर आतली नळी थोडी मागे सरकून जशी खाली झुकते, ती युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. ती जॉन मोझेस ब्राउनिंगची. हा माणूस इंजिनिअरिंग कॉलेजची पायरीही चढला नव्हता.

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेत युटामधल्या ऑग्डेन गावचा. वडील बंदुका बनवायचे आणि दुरुस्त करायचे. आमच्या गंगाखेडकडे लोहाराचा पोरगा भात्याजवळ बसून जसा शिकतो, तसाच हा त्या दुकानात शिकला. कागदावर ड्रॉइंग काढत बसण्यापेक्षा तो सरळ धातू कापून भाग बनवायचा आणि जुळवून बघायचा. १८७९ मध्ये त्याला एकबारी रायफलचं पहिलं पेटंट मिळालं. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने त्या रायफलचे हक्क ८,००० डॉलरला घेतले आणि पुढे बरीच वर्षं त्याची डिझाइन्स विकत घेत राहिली.

आता पिस्तुलाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे.

काडतूस कमी ताकदीचं असेल तर काम सोपं असतं. मागचा जड भाग, म्हणजे स्लाइड, नुसती स्प्रिंगच्या जोरावर नळीला टेकून राहिली तरी चालतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारातली .२२ ची पिस्तुलं साधारण याच तत्त्वावर चालतात. पण काडतूस ताकदीचं झालं की पंचाईत होते. गोळी नळीत असतानाच स्लाइड उघडली, तर प्रचंड दाबाचा वायू मागे, थेट नेमबाजाकडे येणार.

ब्राउनिंगने नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवली. नळीच्या पाठीवर उंचवटे, स्लाइडच्या आत त्यांच्या खाचा. गोळी सुटते तेव्हा दोन्ही मिळून काही मिलिमीटर मागे जातात. तेवढ्यात गोळी बाहेर पडून आतला दाब उतरतो. मग नळी खाली ओढली जाते, उंचवटे खाचांतून सुटतात आणि स्लाइड एकटीच मागे जाऊन रिकामं काडतूस फेकते. परत येताना ती मॅगझिनमधलं नवं काडतूस उचलते.

कोल्टच्या १९०० सालच्या पिस्तुलात नळी खाली घ्यायला दोन दुवे होते, एक पुढे आणि एक मागे. ब्राउनिंगने पुढचा दुवा काढूनच टाकला. सगळी नळी खाली आणायची गरजच काय? मागचं टोक झुकलं तरी उंचवटे सुटतातच की. कोड लिहिणाऱ्याला हे लगेच कळेल. नवं फीचर घालणं सोपं असतं, चालू सिस्टिममधून एक तुकडा काढून ती आणखी भरवशाची करणं अवघड.

मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने चाचणी घेतली. ६,००० गोळ्या झाडल्या, अधूनमधून फक्त थंड करणं आणि साफसफाई. ब्राउनिंगचं पिस्तूल एकदाही अडलं नाही, प्रतिस्पर्धी सॅव्हेजचं ३७ वेळा अडलं. २९ मार्चला ते मंजूर झालं आणि एम १९११ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. अंगठ्याची सेफ्टी घोडदळाच्या मागणीवरून आली, कारण एका हातात लगाम असताना दुसऱ्या हातानेच पिस्तूल सुरक्षित करता यायला हवं. मुठीच्या मागे आणखी एक सेफ्टी आहे. पकड नीट बसली नाही तर ट्रिगर दाबला जातच नाही. हा ट्रिगर बिजागरीसारखा फिरत नाही, सरळ मागे सरकतो. त्याची हालचाल छोटी आणि सारखी असते, म्हणून नेमबाजांना तो आजही आवडतो.

पोलादाचा फायदा साधा न्यूटनचा आहे. गोळी तीच ठेवली आणि पिस्तुलाचं वजन दुप्पट केलं, तर मागे येण्याचा वेग निम्मा होतो. ग्लॉक १७ सारखं प्लॅस्टिक फ्रेमचं पिस्तूल ७०० ग्रॅमच्या आसपास असतं. त्यापुढे शॅडो २ चं तोंड कमी उडतं आणि नजर पुढच्या लक्ष्यावर लवकर बसते. मात्र दिवसभर कमरेला बाळगायला ते जड पडतं. मैदानावर हे चालून जातं, गस्तीवर नाही.

१९०२ च्या सुमारास ब्राउनिंगचं विंचेस्टरशी रॉयल्टीवरून बिनसलं. तो रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटायला गेला, तर वाट बघत असतानाच ते वारल्याची बातमी आली. मग त्याने बेल्जियमची एफएन कंपनी गाठली. त्याच कंपनीचं, त्यानेच डिझाइन केलेलं १९१० सालचं छोटं पिस्तूल २८ जून १९१४ ला सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातात होतं. आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड मारला गेला आणि महिनाभरात महायुद्ध पेटलं. त्या युद्धाच्या शेवटी ब्राउनिंगच्याच मशीनगन आघाडीवर पोहोचल्या. यंत्र सुंदर आहे म्हणून एवढा भाग वगळून त्याच्याबद्दल लिहिणं मला पटत नाही. ज्या भरवशाचं मी वर कौतुक केलं, त्याच भरवशाने त्या मशीनगननी माणसं मारली.

२६ नोव्हेंबर १९२६ ला तो लिएजमध्ये, एफएनच्या कारखान्यातच, हृदयविकाराने गेला. नावावर १२८ पेटंट होती. अर्धवट राहिलेलं शेवटचं पिस्तूल ड्यूडोने सेव्हने पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये ते हाय-पॉवर म्हणून बाजारात आलं. त्यात उरलेला दुवाही गेला. नळीखालच्या तिरक्या कडेनेच ती खाली उतरते. इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं भारतीय ९ एमएम पिस्तूल, ऑटो ९ एमएम १ए, हे त्या हाय-पॉवरचंच रूप आहे.