स्टू अंगर : अखेरच्या टेबलाचा स्वामी

पोकर स्पर्धेच्या उत्तरार्धात ब्लाइंड ही सक्तीची पैज वाढत जाते. केवळ उत्तम पानांची प्रतीक्षा करणाऱ्याच्या चिप्स त्यात नकळत आटतात. हे मर्म स्टू अंगर यांनी पुरते ओळखले होते. १९५३ मध्ये न्यूयॉर्क येथे जन्मलेले अंगर मूळचे जिन रमीचे खेळाडू. त्या खेळात त्यांच्यासमोर बसायला कोणी धजेना, म्हणून ते पोकरकडे वळले. लास व्हेगासमधील जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा त्यांनी १९८० व १९८१ मध्ये जिंकली. बाद होण्याच्या धास्तीने इतर खेळाडू हात आखडता घेत, नेमके तेव्हाच ते पैज चढवून लहान लहान डाव पदरात पाडत.

पुढे अमली पदार्थांच्या व्यसनाने त्यांना ग्रासले. १९९० च्या स्पर्धेत तिसऱ्या दिवशी ते हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध आढळले. रिकाम्या खुर्चीसमोरच्या चिप्स ब्लाइंडपायी झिजत राहिल्या; तरीही आधीची कमाई एवढी होती की ते नववे आले. १९९७ मध्ये मित्राने प्रवेशशुल्क भरले आणि अंगर तिसऱ्यांदा विजेते ठरले. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातील निम्मा वाटा त्या मित्राचा होता. उरलेला लवकरच संपला. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लास व्हेगासच्या एका मोटेलमध्ये ते मृतावस्थेत आढळले. अंत्यविधीचा खर्च परिचितांनी वर्गणी काढून भागवला.