सहा पेन्सचं पुस्तक : सर ॲलन लेन



मुलं वाचत नाहीत, ही तक्रार आपण सगळेच करतो. स्टाफरूममध्ये करतो, पालकसभेतही करतो. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आपण फारसा विचारत नाही. मुलाच्या हाताला पुस्तक लागतं का? आणि लागलंच, तर ते विकत घेणं घराला परवडतं का? इंग्लंडमधल्या एका प्रकाशकाने १९३५ साली हाच प्रश्न धंदा म्हणून हाती घेतला आणि सोडवून दाखवला. ते म्हणजे सर ॲलन लेन, पेंग्विन पुस्तकांचे जनक.

ॲलन यांचा जन्म २१ सप्टेंबर १९०२ रोजी ब्रिस्टल शहरात झाला. मूळ आडनाव विल्यम्स. शाळेत ते काही फार चमकले नाहीत. सोळाव्या वर्षी शिक्षण सोडून १९१९ साली ते लंडनला ‘द बॉडली हेड’ या प्रकाशनसंस्थेत कामाला लागले. ही संस्था त्यांच्या नात्यातल्या जॉन लेन यांची. जॉन लेन यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचं नाव पुढं चालावं म्हणून विल्यम्स कुटुंबाने लेन हे आडनाव घेतलं. ॲलन या धंद्यात अगदी खालच्या पायरीपासून शिकले. लेखक, छापखाना, दुकानदार, हिशेब सगळं जवळून पाहिलं. रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती यांच्याशी त्यांची चांगली मैत्री जमली.

या ख्रिस्तीबाईंना भेटून ते १९३४ साली परत निघाले होते, असं सांगतात. एक्सेटर स्टेशनवर गाडीची वाट बघताना वाचायला काहीतरी घ्यावं म्हणून ते स्टॉलवर गेले. तिथं मासिकं होती, हलक्याफुलक्या कादंबऱ्या होत्या. पण चांगलं, स्वस्त पुस्तक एकही नव्हतं. त्या काळी इंग्लंडमध्ये नवी कादंबरी साधारण साडेसात शिलिंगला मिळायची. सामान्य नोकरदाराने ती वाचनालयातूनच आणायची. ॲलन यांनी ठरवलं, चांगल्या लेखकांची पुस्तकं कागदी बांधणीत, खिशात मावतील अशी काढायची आणि किंमत ठेवायची फक्त सहा पेन्स. म्हणजे नव्या कादंबरीच्या पंधरावा हिस्सा! दहा सिगारेटच्या पाकिटाला तेवढेच पैसे पडायचे.

आता हिशेब बघा. एवढ्या कमी किमतीत एका पुस्तकाच्या १७ हजारांच्या आसपास प्रती खपल्या, तरच खर्च निघणार होता. बाकीच्या प्रकाशकांना हा वेडेपणा वाटला. लोक स्वस्त पुस्तकं घेऊ लागले तर महाग पुस्तकं कोण घेणार, ही त्यांची भीती. ॲलन यांच्या स्वतःच्या संस्थेतही उत्साह नव्हता. शेवटी ॲलन, रिचर्ड आणि जॉन या तिघा भावांनी जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली.

पेंग्विन हे नाव ऑफिसातल्या एका सेक्रेटरीने सुचवलं. एडवर्ड यंग या तरुणाने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन पक्ष्याचं चित्र काढून आणलं. कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवा, चरित्राला निळा असे मुखपृष्ठाचे रंग ठरले. रंग बघूनच पुस्तकाचा प्रकार कळायचा. वर्गवाचनालयासाठी ही युक्ती आजही कामाची आहे, नाही का?

३० जुलै १९३५ रोजी पहिली दहा पुस्तकं बाजारात आली. पुस्तकविक्रेत्यांकडून मागणी बेताचीच होती. पण भांडीकुंडी, खेळणी अशा स्वस्त वस्तू विकणाऱ्या वूलवर्थ दुकानांनी ६० हजारांहून जास्त प्रतींची ऑर्डर दिली आणि पारडं फिरलं. जे लोक पुस्तकाच्या दुकानाची पायरी चढत नव्हते, त्यांना सामान घेता घेता पुस्तक दिसू लागलं. वर्षभराच्या आतच दहा लाख प्रतींचा टप्पा पार झाला. या पसाऱ्याचं गोदाम होतं लंडनच्या एका चर्चचं तळघर! रस्त्यावरून पुस्तकांचे गठ्ठे खाली सोडायला जत्रेतली घसरगुंडी वापरायचे.

१९३७ साली ज्ञान-विज्ञानाच्या पुस्तकांसाठी ‘पेलिकन’ मालिका निघाली. तिच्या सुरुवातीच्या संपादकांत आपले व्ही. के. कृष्ण मेनन होते. तेच पुढे भारताचे संरक्षणमंत्री झाले आणि उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. मात्र लेन आणि मेनन यांचं फार काळ पटलं नाही. १९४० पासून मुलांसाठी ‘पफिन’ पुस्तकं निघू लागली. महायुद्धात सैनिकांच्या गणवेशाच्या खिशातही पेंग्विन असायची. याच युद्धात धाकटा भाऊ जॉन मारला गेला.

१९५२ साली ॲलन यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पण खरी परीक्षा पुढेच होती. १९६० साली डी. एच. लॉरेन्स यांच्या एका कादंबरीवरून पेंग्विनवर अश्लीलतेचा खटला झाला. सरकारी वकिलांच्या बोलण्याचा एक रोख असा होता, की असं पुस्तक घरातल्या बायकांच्या आणि नोकरांच्या हाती पडावं का? म्हणजे कोणी काय वाचावं, हे दुसऱ्यानेच ठरवायचं! २ नोव्हेंबर १९६० रोजी पेंग्विन निर्दोष सुटली.

७ जुलै १९७० रोजी सर ॲलन यांचं निधन झालं. गंमत अशी, की ते स्वतः काही मोठे विद्वान वाचक म्हणून ओळखले जात नव्हते. पण साध्या माणसाला चांगलं वाचायचं असतं, यावर त्यांचा विश्वास होता आणि त्या विश्वासावर त्यांनी घरचा पैसा लावला.

आपल्याकडं पैसा लावायची गरज नाही. शाळेतल्या कपाटाचं कुलूप काढलं, पुस्तकं मुलांच्या उंचीच्या फळीवर किंवा वर्गातल्या दोरीवर आली, एखादं फाटलं तर रागावण्याऐवजी चिकटवून पुन्हा ठेवलं, तरी पुष्कळ झालं. पालकांनीही बाजारहाटाच्या पिशवीत महिन्याला एक स्वस्त पुस्तक टाकावं. मुलं वाचत नाहीत असं म्हणण्याआधी पुस्तक त्यांच्या हाताशी ठेवून तर बघूया.