गिल्बर्ट ब्रिग्ज

गिल्बर्ट आर्थर ब्रिग्ज (जन्म : १८९०, मृत्यू : १९७८) हे ब्रिटिश लाउडस्पीकर-निर्माते, उद्योजक आणि लेखक होते. व्हार्फडेल या लाउडस्पीकर कंपनीचे ते संस्थापक होत. घरगुती ध्वनिपुनरुत्पादनाच्या इतिहासात त्यांचे नाव मुख्यतः दोन कारणांसाठी घेतले जाते. त्यांनी सामान्य श्रोत्याला समजेल अशा भाषेत ध्वनिविषयक ग्रंथ लिहिले. तसेच १९५४ पासून मोठ्या सभागृहांत प्रत्यक्ष वादन व ध्वनिमुद्रण यांची श्रोत्यांसमोर तुलना करणारे जाहीर प्रयोग केले. घरात वापरायचा लाउडस्पीकर आणि त्याला विद्युत्‌शक्ती पुरवणारा ॲम्प्लिफायर (विवर्धक) यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हे या प्रयोगांतून हजारो लोकांना प्रत्यक्ष ऐकता आले.

सुरुवातीचे जीवन

ब्रिग्ज यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात ब्रॅडफर्डजवळच्या क्लेटन येथे झाला. ब्रॅडफर्ड हे त्या काळी लोकरीच्या कापडाचे जगप्रसिद्ध केंद्र होते आणि ब्रिग्ज यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध कापडव्यवसायातच गेला. त्यांनी विद्युत् अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. मात्र त्यांना संगीताची, विशेषतः पियानोची, मनापासून आवड होती. ध्वनिमुद्रिकेतून ऐकू येणारा पियानो खऱ्या पियानोसारखा का वाटत नाही, या प्रश्नाने त्यांना या क्षेत्राकडे ओढले.

व्हार्फडेलची स्थापना

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीचा यॉर्कशायरच्या कापडधंद्याला मोठा फटका बसला. वयाची चाळिशी ओलांडलेल्या ब्रिग्ज यांनी या काळात छंदाचे व्यवसायात रूपांतर करण्याचे धाडस केले. १९३२ मध्ये इल्कली येथील आपल्या घराच्या तळघरात त्यांनी पहिला लाउडस्पीकर तयार केला. इल्कली हे गाव व्हार्फ नदीच्या खोऱ्यात आहे. या खोऱ्याला व्हार्फडेल म्हणतात आणि तेच नाव त्यांनी आपल्या उद्योगाला दिले. पुढे व्हार्फडेल वायरलेस वर्क्स या नावाने कंपनीचा कारखाना ब्रॅडफर्डमधील आयडल या भागात चालू लागला.

रचनेतील वैशिष्ट्ये

बहुतेक लाउडस्पीकरांमध्ये कागदी शंकूला तारेचे वेटोळे जोडलेले असते आणि ते चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलते. शंकूची बाहेरची कड चौकटीला कशी जोडली आहे, यावरही आवाजाची शुद्धता अवलंबून असते. कड ताठ असेल, तर शंकूतून कडेपर्यंत गेलेली कंपने परत फिरतात आणि मूळ आवाजात मिसळतात. ब्रिग्ज यांनी अनेक लाउडस्पीकरांत या जागी कापडाची मऊ कड वापरली. कापडव्यवसायात हयात घालवलेल्या माणसाला हा उपाय सहज सुचण्याजोगा होता. उच्च स्वर स्पष्ट उमटावेत म्हणून काही नमुन्यांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेचे हलके वेटोळे वापरले जाई.

लाउडस्पीकरची पेटी स्वतः कंप पावू नये, हा त्यांचा दुसरा आग्रह होता. पातळ लाकडी पेटी खर्जाच्या स्वरांबरोबर थरथरते आणि प्रत्येक वाद्याला स्वतःचा रंग चढवते. यावर उपाय म्हणून प्लायवुडच्या दोन थरांमध्ये कोरडी वाळू भरलेल्या फळ्या त्यांनी प्रचारात आणल्या. खोलीच्या कोपऱ्यात विटा रचून बांधायच्या लाउडस्पीकर-पेटीचाही त्यांनी पुरस्कार केला. अशी पेटी घर बदलताना नेता येत नसली, तरी ती हलत नाही आणि स्वस्तातही पडते.

ॲम्प्लिफायर व लाउडस्पीकर यांची सांगड

ब्रिग्ज यांच्या उमेदीच्या काळात ॲम्प्लिफायर निर्वात नलिकांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, चालत. त्यांची शक्ती आजच्या मानाने अगदी कमी असे. दर्जेदार घरगुती ॲम्प्लिफायर साधारण १० ते १५ वॉटचा असे. त्यामुळे मिळालेल्या शक्तीचे लाउडस्पीकर किती आवाजात रूपांतर करतो, या गोष्टीला फार महत्त्व होते. शक्ती दुप्पट केली, तर आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. म्हणून ३ डेसिबलने अधिक संवेदनशील असलेला लाउडस्पीकर १५ वॉटच्या ॲम्प्लिफायरकडून ३० वॉटचे काम करून घेतो. व्हार्फडेलच्या लाउडस्पीकरांत मोठे व प्रबळ चुंबक वापरले जात, त्यामागे हे गणित होते.

दुसरा प्रश्न संरोधाचा होता. त्या काळच्या अनेक दर्जेदार ब्रिटिश लाउडस्पीकरांवर १५ ओहम हा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात हा आकडा कंप्रतेनुसार बदलतो. शंकूच्या नैसर्गिक अनुस्पंदनाच्या जागी, म्हणजे खर्जात, संरोध कित्येक पटींनी वाढतो. उच्च स्वरांकडे वेटोळ्याच्या प्रवर्तकत्वामुळे तो पुन्हा चढत जातो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा निर्गम-रोध जास्त असेल, तर या चढउतारांचा ठसा थेट आवाजावर उमटतो आणि खर्ज घुमतो, तर उच्च स्वर कर्कश होतात. पेंटोड प्रकारच्या नलिका वापरणाऱ्या साध्या रेडिओसंचांत हा दोष सर्रास आढळे.

ट्रायोड नलिकांमध्ये हा दोष कमी असे. ऋण प्रतिसंभरण या तंत्राने तो आणखी कमी झाला. या तंत्रात बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलट करून पुन्हा आत दिला जातो. त्यामुळे विकृती घटते आणि ॲम्प्लिफायरचा निर्गम-रोधही खाली येतो. अशा ॲम्प्लिफायरशी जोडलेला शंकू संकेत थांबल्यावर फार काळ डोलत राहत नाही, कारण हलणाऱ्या वेटोळ्यात निर्माण होणारा प्रवाह त्याच्याच गतीला विरोध करतो. या परिणामाला विद्युत् संदमन म्हणतात. त्यालाही मर्यादा आहे. वेटोळ्याच्या तारेचा स्वतःचा रोध मंडलात कायम राहतो. म्हणून एका मर्यादेपलीकडे ॲम्प्लिफायरचा रोध कितीही कमी केला, तरी ऐकताना फारसा फरक पडत नाही. चुंबक दुबळा असेल किंवा पेटी चुकीची असेल, तर तो दोष ॲम्प्लिफायर भरून काढू शकत नाही.

नलिकांचा ॲम्प्लिफायर व लाउडस्पीकर यांच्यामध्ये निर्गम-ट्रान्सफॉर्मर असतो. लाउडस्पीकरच्या संरोधाला अनुरूप अशा त्याच्या टोकांशी जोडणी करावी लागते. चुकीची टोके वापरल्यास नलिकांना अयोग्य भार मिळतो, उपलब्ध शक्ती घटते आणि विकृती वाढते. हा सगळा विषय ब्रिग्ज यांनी एच. एच. गार्नर यांच्यासह लिहिलेल्या ॲम्प्लिफायरवरील पुस्तकाच्या (१९५२) निमित्ताने सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील प्रयोग

प्रत्यक्ष गायन-वादन आणि ध्वनिमुद्रण यांची जाहीर तुलना करण्याची कल्पना नवी नव्हती. टॉमस एडिसन यांच्या कंपनीने १९१५ नंतरच्या दशकात आपल्या फोनोग्राफची जाहिरात करण्यासाठी असे कार्यक्रम केले होते. ब्रिग्ज यांनी मात्र सुधारलेल्या साधनांच्या काळात आणि चिकित्सक श्रोत्यांपुढे ही कसोटी पुन्हा मांडली. १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी हा प्रयोग केला. १९५१ मध्ये उघडलेल्या या सभागृहात सुमारे ३,००० श्रोते बसू शकतात. प्रयोगाची तिकिटे विकली गेली आणि सभागृह भरले.

या प्रयोगासाठी लागणारे ॲम्प्लिफायर पीटर वॉकर यांनी पुरवले. वॉकर यांनी १९३६ मध्ये अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली होती आणि त्यांचे ॲम्प्लिफायर क्वाड या नावाने ओळखले जात. १९५३ मध्ये बाजारात आलेला क्वाड २ हा १५ वॉटचा ॲम्प्लिफायर घरगुती वापरासाठी बनवलेला होता. सभागृहासाठी वेगळी अवाढव्य यंत्रणा न उभारता ग्राहक घरी नेऊ शकेल अशाच जातीची साधने मंचावर ठेवण्यात आली, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होते.

प्रयोगातील धोका उघड होता. वादक मंचावर प्रत्यक्ष वाजवी आणि त्याच वाद्याचे ध्वनिमुद्रण लगेच लाउडस्पीकरवरून ऐकवले जाई. श्रोत्यांच्या कानात मूळ नाद ताजा असताना लाउडस्पीकरचा कोणताही दोष लपणे शक्य नव्हते. पियानोची कसोटी विशेष कठीण होती. हातोडी तारेवर आदळते त्या क्षणी सरासरीच्या कित्येक पट शक्ती लागते. तेवढी राखीव शक्ती ॲम्प्लिफायरकडे नसेल, तर संकेताची शिखरे छाटली जातात आणि आवाज फाटतो. शिवाय स्टिरिओ तबकड्या अजून बाजारात आलेल्या नव्हत्या. त्यामुळे एकाच वाहिनीचे ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष वाद्याच्या शेजारी उभे करायचे होते. प्रयोग फसला असता, तर त्याचे साक्षीदार व्हार्फडेलचे संभाव्य ग्राहकच होते.

लंडनमधील प्रतिसादानंतर १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही ब्रिग्ज यांनी असाच प्रयोग केला. तेथेही वॉकर त्यांच्यासोबत होते. या कार्यक्रमांमुळे हाय फिडेलिटी ही संकल्पना हौशी तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर संगीतरसिकांपर्यंत पोहोचली. लाउडस्पीकर बनवणारा एक आणि ॲम्प्लिफायर बनवणारा दुसरा, अशा दोन स्वतंत्र निर्मात्यांनी आपापले नाव एकमेकांच्या कामावर पणाला लावल्याचेही ते उदाहरण ठरले.

ग्रंथलेखन

ब्रिग्ज यांचे लाउडस्पीकर या विषयावरील पहिले पुस्तक १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर ध्वनिपुनरुत्पादन (१९४९), पियानो व पियानोवादक (१९५१), लाउडस्पीकरच्या पेट्या (१९६२) अशा विषयांवर त्यांची पुस्तके आली. ध्वनिक्षेत्रातील व्यक्तींच्या चरित्रांचे एक पुस्तक त्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांची पुस्तके कंपनीच्याच नावाने निघत. तरीही पेटी घरी कशी बांधावी आणि स्वस्तात काय साधता येते, याची माहिती त्यांनी ग्राहकापासून लपवली नाही. गणित टाळून आलेख, छायाचित्रे आणि मिस्किल शैली यांच्या आधारे विषय मांडणे हे त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य होते.

उत्तरायुष्य

१९५८ मध्ये ब्रिग्ज यांनी कंपनी रँक ऑर्गनायझेशन या उद्योगसमूहाला विकली. त्यानंतरही काही वर्षे ते कंपनीच्या कामात सहभागी होते. त्यांच्या हाताखाली तांत्रिक जबाबदारी सांभाळणाऱ्या रेमंड कुक यांनी १९६१ मध्ये बाहेर पडून केंट परगण्यात केईएफ ही लाउडस्पीकर कंपनी स्थापन केली. निवृत्तीनंतरही ब्रिग्ज यांनी लेखन सुरू ठेवले आणि श्रवणशक्तीविषयी एक पुस्तक लिहिले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

ट्रान्झिस्टर आल्यानंतर ॲम्प्लिफायरची शक्ती शेकडो वॉटपर्यंत गेली. लाउडस्पीकर लहान झाले, पण त्यांची संवेदनशीलताही बरीच घटली. छापील संरोध १५ ओहमवरून ८ व ४ ओहमवर आला आणि ॲम्प्लिफायरला अधिक प्रवाह पुरवणे भाग पडले. आकडे बदलले, तरी जोडी निवडताना पाहायच्या गोष्टी बदलल्या नाहीत : लाउडस्पीकरची संवेदनशीलता, संपूर्ण ध्वनिपट्ट्यातील त्याचा संरोध, ॲम्प्लिफायरचा निर्गम-रोध व राखीव शक्ती, आणि ज्या खोलीत ऐकायचे तिचा आकार.

पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये क्वाडचा स्थिरविद्युत् लाउडस्पीकर बाजारात आणला. त्याचा संरोध उच्च स्वरांकडे खूप उतरतो आणि मर्यादेपेक्षा अधिक विद्युत् दाब दिल्यास त्याच्या पटलांना इजा होते. त्यामुळे त्याच्यासोबत कोणता ॲम्प्लिफायर वापरावा, हा प्रश्न अधिकच नाजूक बनला. व्हार्फडेल व क्वाड ही दोन्ही नावे १९९० च्या दशकापासून इंटरनॅशनल ऑडिओ ग्रुप या एकाच उद्योगसमूहाकडे आहेत.