धोतर, खैनी, चुट्टा आणि डॉ. खानोलकर

तंबाखू मळणारा माणूस तुम्ही रोज बघता. गेवराईच्या बसस्टँडवर, कॉलेजच्या रस्त्यावरच्या टपरीपाशी, ऊसतोडीला निघालेल्या टोळीच्या ट्रकमध्ये. तळहातावर तंबाखू, नखाने थोडा चुना, अंगठ्याने मळायचं, वर दोन टाळ्या, आणि बार खालच्या ओठात. हे इतकं सवयीचं दृश्य आहे की त्यात बघण्यासारखं काही आहे असं तुम्हाला वाटणारच नाही. पण एका मराठी डॉक्टरने ते नीट बघितलं. बार तोंडात नेमका कुठे ठेवला जातो, किती वेळ राहतो, आणि पुढे कॅन्सरची गाठ कुठे येते, हे त्याने जोडून दाखवलं. तेही १९४५ साली.

त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. (चिं. त्र्यं. खानोलकर वेगळे, ते कवी आरती प्रभू. मराठीच्या पेपरमध्ये घोळ करू नका.) भारतात पॅथॉलॉजीचा पाया घालणारे म्हणून वैद्यकीय पुस्तकांत त्यांचा उल्लेख येतो. बाहेर मात्र नाव फार कुणाला ठाऊक नाही.

पॅथॉलॉजी म्हणजे आपल्याकडे रक्त-लघवी तपासायचं दुकान, एवढंच आपण समजतो. खरं तर शरीरातला आजारी तुकडा काढून, त्याचा अगदी पातळ काप करून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि हा कोणता आजार ते सांगायचं, हे या शास्त्राचं मोठं काम. सर्जनचा चाकू कुठे आणि किती चालणार, ते या उत्तरावर ठरतं.

खानोलकर १८९५ साली जन्मले. वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये झालं आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. त्यांनी मिळवली. तो काळ कॅन्सरची वर्गवारी लावण्याचा होता. तिकडे अमेरिकेत बोस्टनला हार्वी कुशिंग हे मेंदूचे सर्जन आणि पर्सिव्हल बेली हे त्यांचे सहकारी मेंदूच्या गाठींचे काप घेऊन बसले होते. तोवर मेंदूतल्या बऱ्याच गाठी ग्लायोमा या एकाच पोत्यात भरल्या जायच्या. या दोघांनी पेशी कशी दिसते आणि ती वाढीच्या कोणत्या टप्प्यावरची आहे हे बघून १९२६ साली त्यांचे वेगवेगळे प्रकार पाडले. लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीला नाव मिळालं ते त्याच्या आदल्या वर्षी. गंमत अशी की ज्या मेड्युलोब्लास्ट पेशीवरून हे नाव ठेवलं, ती पेशी नंतर कुणालाच सापडली नाही. नाव मात्र राहिलं. आज त्या एका नावाखाली जनुकांवरून चार मुख्य गट पाडले जातात आणि कोणत्या मुलाला किती कडक उपचार द्यायचे, ते ठरवताना हे गट बघितले जातात. म्हणजे वर्गवारी हे काम वाटतं तितकं कोरडं नाही.

खानोलकर शिकले ते याच पद्धतीत. पेशी बघा, नाव ठेवा. मुंबईत परत येऊन त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवली. मग २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पती दोराबजीही पुढच्याच वर्षी गेले. पुढे त्यांच्या ट्रस्टने हे हॉस्पिटल उभं केलं. आपल्याकडे कुणाला टाटाला नेलं एवढं म्हटलं तरी आजाराचं नाव विचारायची गरज पडत नाही, ते हेच. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन खानोलकरांकडे आलं.

आणि इथेच पेशीची भाषा अपुरी पडायला लागली.

समजा, तीन पेशंट आहेत. पहिला बिहारकडचा, खालच्या ओठाच्या आत गाठ. दुसरी विशाखापट्टणमच्या किनाऱ्याकडची बाई, टाळूला गाठ. तिसऱ्याच्या कमरेवर न भरणारी जखम. तिन्ही काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर उत्तर जवळपास सारखंच येतं: त्वचेच्या किंवा तोंडाच्या अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर. पेशी एवढंच सांगते. ओठच का, टाळूच का, कंबरच का, हे ती सांगत नाही. ते कळायला काचेवरून नजर उचलून माणसाकडे बघावं लागतं. तो काय खातो, काय ओढतो, काय नेसतो.

खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी तेच केलं. १९४५ साली एका अमेरिकन पॅथॉलॉजी नियतकालिकात त्यांनी रीतीभातींशी जोडलेले भारतातले तीन नवे कॅन्सर मांडले. खैनीचा कॅन्सर: तंबाखू-चुना खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत वर्षानुवर्षं धरून ठेवल्याने नेमका तिथेच होणारा. चुट्ट्याचा कॅन्सर: आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, जळतं टोक तोंडात घेऊन ओढायची रीत होती, बायकांमध्येही. त्या धगीने आणि धुराने टाळूला होणारा. तिसरा धोतराचा कॅन्सर: कमरेला रोज एकाच जागी घट्ट आवळल्याने कातडी घासते, तिचा रंग जातो, जखम होते, भरते, पुन्हा होते, आणि कधीतरी ती भरायचंच सोडते.

असं काम जगात आधी झालं नव्हतं असं नाही. धुराडी साफ करणाऱ्या पोरांना काजळीमुळे होणारा कॅन्सर इंग्लंडमध्ये पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच ओळखला होता. काश्मीरमध्ये अंगाशी कांगडी धरून पोटाला होणारा कॅन्सरही माहीत होता. पण भारतात कॅन्सर फारसा होतच नाही, तो गोऱ्यांचा आजार, हा समज तेव्हा चांगला घट्ट होता. आपल्याच लोकांच्या, आपल्याच सवयींमुळे होणारे कॅन्सर कापांसकट समोर ठेवल्यावर तसं म्हणणं अवघड झालं. माझ्या मते खानोलकरांचं सगळ्यात मोठं काम हे. वर्गवारी सवयीवरून केली की आजार टाळता येण्यासारखा होतो. पेशी आपण बदलू शकत नाही, बार ठेवणं बंद करू शकतो.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासोबत त्यांनी कॅन्सर असलेल्या आणि नसलेल्या पेशंटच्या सवयी शेजारी ठेवून बघितल्या. तंबाखू चघळणाऱ्यांना कॅन्सर जास्त करून तोंडात, बिडी ओढणाऱ्यांना जास्त करून मागे घशाकडे. १९५५ साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवरचा डॉल आणि हिल यांचा गाजलेला अभ्यास १९५० चा, म्हणजे आपली मुंबई फार मागे नव्हती. बिडी सिगारेटपेक्षा बरी, पानाचीच तर असते, असं आजही कट्ट्यावर ऐकू येतं ना? त्याचं उत्तर सत्तर वर्षांपूर्वी छापून आलंय.

पदं भरपूर मिळाली, ती पटकन सांगते. कॅन्सरविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचं अध्यक्षपद, पद्मभूषण, राष्ट्रीय प्राध्यापक, १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. कुष्ठरोगावरही त्यांनी काम केलं, विशेषतः त्याचे जंतू मज्जातंतूंमध्ये कसे शिरतात यावर. १९५२ साली त्यांनी मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं केलं. पुण्यात वाढलेल्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. केली आणि पुढे याच केंद्रात ऊती-संवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा सुरू केली. बायकांनी प्रयोगशाळेत काय करायचं, असं विचारणाऱ्या काळात. खानोलकर १९७८ साली वारले.

आपल्या भागापर्यंत हे काम पोचायला वेळ लागला. गावोगावच्या कॅन्सर पेशंटची नोंद ठेवणारी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली, त्यात बार्शीसोबत शेजारचे भूम आणि परंडा तालुके आले. राज्यात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली. ती टपरीवर कितपत दिसते, ते तुम्हीच बघा.

आणि धोतराचा कॅन्सर? धोतरं कमी झाली म्हणून तो संपला असेल, असं वाटतं. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी दोन म्हाताऱ्या बायकांची माहिती प्रसिद्ध केली. दोघींच्या कमरेवर जखम, एकीची दीड वर्षं भरत नव्हती. दुसरी चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं घट्ट आवळून नेसत होती, आणि तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. दोष साडीचा नाही, नाडीचा, असं या डॉक्टरांचं म्हणणं. परकर सैल बांधावा आणि कातडीवर काही दिसलं तर ते भरेपर्यंत सैलच कपडे घालावेत, असं त्यांनी सुचवलंय. तुमची आजी लुगडं नेसत असेल तर तिच्या कमरेवर पांढरा पडलेला पट्टा किंवा जुनी जखम आहे का, एवढं विचारा. ती आपणहून सांगणार नाही.