धुंडिराज गोविंद फाळके यांचे उद्योग

दादासाहेब फाळके हे नाव उच्चारले की भारतीय चित्रपटाचा जनक एवढीच ओळख सर्वांच्या मनात उभी राहते. परंतु ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा फाळक्यांनी वयाची 43 वर्षे पूर्ण केली होती. त्यापूर्वीची सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी इतके निरनिराळे उद्योग केले आणि सोडले, की त्या काळच्या व्यवहारी गृहस्थाला हा मनुष्य कोठेही टिकणार नाही असेच वाटले असते.

त्यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. घरातील परंपरा पाहता मुलाने शास्त्राध्ययन करावे हे ओघाने आले असते. पण 1885 साली धुंडिराजाने जे. जे. कलाशाळेत नाव घातले. पुढे तो थोरल्या भावाकडे बडोद्यास गेला व सयाजीराव महाराजांच्या राज्यात नव्याने स्थापन झालेल्या कलाभवनात शिकू लागला. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला, छायाचित्रण असे जे जे तेथे मिळाले ते ते त्याने घेतले. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांची या विद्यार्थ्यावर विशेष मर्जी होती. तिरंगी ठसे तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी त्यांनीच त्याला रतलामला पाठविले. बृहन्महाराष्ट्रातील या दोन नगरांचे ऋण फाळके-चरित्रात सहसा ओझरतेच येते. वास्तविक त्यांच्या हाताला वळण लागले ते येथेच.

शिक्षण झाले, पण पोटाचा प्रश्न सुटेना. 1895 च्या सुमारास त्यांनी गोध्र्यास छायाचित्रकार म्हणून बस्तान मांडले. धंदा बरा चालू लागला असतानाच प्लेगची साथ आली आणि पत्नी व मूल दोघेही गेली. गोध्रा सोडून ते बडोद्यास परतले आणि तेथे पुन्हा कॅमेरा उभा केला. पण छायाचित्र काढले की आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत पसरलेली होती. ज्याच्या स्वतःच्या घरात नुकतेच दोन मृत्यू घडले आहेत, त्याने दारोदार जाऊन या समजुतीचे निरसन करावे, यापरते दैवाचे क्रौर्य कोणते! गिऱ्हाईक येईनासे झाले. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणे आले. त्याच सुमारास एका पाश्चात्त्य जादूगाराकडून त्यांनी हातचलाखीचे प्रयोग शिकून घेतले आणि आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे खेळ करू लागले.

1902 साली त्यांचा दुसरा विवाह झाला आणि सरस्वतीबाई घरात आल्या. पुढील वर्षी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. ही नोकरी आयुष्यभर पुरली असती. 1906 साली त्यांनी ती सोडली. स्वदेशीचे वारे वाहत होते हे खरे, पण केवळ त्याच कारणाने सोडली असे म्हणणे म्हणजे त्यांच्या स्वभावातील अस्वस्थता विसरणे होय. लोणावळ्यास त्यांनी ठसे व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्याच्या छापखान्याचे काम त्यांच्याकडे येई. नंतर दादरला भागीदारीत ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ उभा राहिला, आणि रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी 1909 साली ते जर्मनीस जाऊन आले. नाव झाले, काम वाखाणले गेले, आणि भागीदारांशी मतभेद होऊन फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले.

अशा अवस्थेत, 1911 च्या आगेमागे, गिरगावातील एका तंबूत त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. ख्रिस्ताच्या जागी राम आणि कृष्ण दिसू लागले, आणि मग दुसरे काही सुचेना. रात्रंदिवस चालविलेल्या प्रयोगांमुळे काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. तरीही विमापत्रे गहाण ठेवून 1912 च्या आरंभी त्यांनी लंडन गाठले. तेथून कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणले. कुंडीतील वाटाण्याचा वेल कसा वाढतो याचे थोडे थोडे चित्रण करून त्यांनी लहानशी चित्रफीत तयार केली, ती दाखविली, आणि भांडवल उभे केले.

‘राजा हरिश्चंद्रा’ला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. नाटकात वा सिनेमात काम करणे कुलीन मानले जात नसल्याने फाळके आपल्या नटांना सांगत, की कोणी विचारलेच तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो असे सांगावे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा एका खानावळीत दहा रुपये पगारावर असलेल्या साळुंके या तरुणाला पंधरा रुपये देऊन आणले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा. आणि सरस्वतीबाई? सर्व मंडळींचा स्वयंपाक करून रात्री त्या फिल्मला भोके पाडीत, ती धुण्याच्या कामी हात लावीत, चित्रणाच्या वेळी उजेड परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. या चित्रपटाचे श्रेय वाटताना त्यांचा वाटा फार लहान मोजला गेला आहे. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लोकांसमोर आला.

आता मागचे उद्योग एकेक करून कामास आले. पडदे रंगविणारा हात नेपथ्यास, छापखान्यातील रसायनज्ञान फिल्म धुण्यास, आणि प्रोफेसर केळफाची जादू देवांच्या चमत्कारांस. 1917 च्या ‘लंकादहना’त साळुंके यांनीच राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. 1919 च्या ‘कालिया मर्दना’त कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

पण स्वभाव पालटला नाही. 1918 साली भांडवलदारांसह स्थापन केलेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीही मतभेदांमुळे त्यांनी सोडली आणि कुटुंबासह काशीला जाऊन ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. 1922 साली ते कंपनीत परत आले खरे, पण जुना अधिकार उरला नव्हता. पुढे बोलपटांचा काळ सुरू झाला. ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट कोल्हापूर सिनेटोनसाठी 1937 साली पुरा झाला, तेव्हा ते 67 वर्षांचे होते. त्यानंतर त्यांच्या हाती काम आले नाही. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी चित्रपटधंद्यात हजारो लोक पोट भरीत होते, आणि त्यांपैकी कोणालाही आपण एखाद्या कारखान्यात नोकरी करतो असे सांगावे लागत नव्हते.