मेरी क्युरी: रेडियम शोधलं, मग त्याचं मापही बनवलं

पेट स्कॅनआधी रुग्णाला टोचायच्या किरणोत्सारी औषधाची मात्रा एका छोट्या मोजयंत्रात तपासतात. पण ते यंत्र तरी बरोबर मोजतंय, हे कसं कळणार? त्यासाठी मात्रा आधीच ठाऊक असलेला नमुना, बहुतेकदा सिझियमचा, यंत्रात ठेवून आकडा जुळतो का ते पाहतात. हेच कॅलिब्रेशन. किरणोत्साराचा असा पहिला आंतरराष्ट्रीय नमुना मेरी क्युरी यांच्या हातचा होता.

मेरी यांचा जन्म १८६७ चा, वॉर्सातला. पॅरिसला शिक्षण, पती पिएर यांच्यासोबत १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियमचा शोध, दोन नोबेल, हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. मापाची गोष्ट सहसा नसते.

रेडियम लवकरच कॅन्सरवर वापरलं जाऊ लागलं. अडचण अशी, की एका प्रयोगशाळेचे पाच मिलिग्रॅम दुसरीकडे पाचच भरतील याची खात्री नव्हती. जास्त झालं तर रुग्ण भाजणार, कमी पडलं तर गाठ तशीच राहणार. १९१० मध्ये ब्रसेल्सच्या परिषदेत नमुना बनवायचं काम मेरींवर सोपवलं गेलं. 'क्युरी' हे एककही तिथलंच.

ऑगस्ट १९११ मध्ये त्यांनी २१.९९ मिलिग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड काचेच्या नळीत सीलबंद केलं. आणि इथेच वाद झाला. नमुना आपल्याच प्रयोगशाळेत राहावा, असा मेरींचा आग्रह होता. समितीचे प्रमुख रदरफर्ड यांना त्यांच्याबद्दल खूप आदर, पण जगाचं माप एका व्यक्तीच्या ताब्यात कसं ठेवायचं? त्याच हिवाळ्यात पॅरिसची वर्तमानपत्रं मेरींच्या खासगी आयुष्यावर तुटून पडली होती आणि त्या गंभीर आजारी पडल्या.

मार्च १९१२ मध्ये पडताळणी झाली. व्हिएन्नात स्वतंत्रपणे वेगळे नमुने बनले होते. नळ्या न फोडता, बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांवरून दोन्हींची तुलना केली. फरक नगण्य निघाला. मेरींचा नमुना पुढे पॅरिसजवळ सेव्रच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयात गेला.

१९३४ मध्ये अप्लास्टिक ॲनिमियाने त्यांचा मृत्यू झाला. वर्षानुवर्षं अंगावर घेतलेल्या किरणोत्सारामुळे तो झाला, असं मानलं जातं.

१९७५ मध्ये 'बेक्वेरल' हे नवं एकक आलं. भारतात या मापांची राष्ट्रीय जबाबदारी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. तरी अनेक हॉस्पिटलांत डोस आजही मिलिक्युरीतच सांगितला जातो.